पिठल्यातली गुठळी आणि लसीचा कण

पिठल्यात गुठळ्या का होतात, हे ते हाटणाऱ्या बाईला विचारा. ती सांगेल, पीठ पेरणारा हात आणि हाटणारा हात यांचे जमले नाही म्हणजे होतात. आधुनिक औषधशास्त्रातला एक नाजूक प्रश्न नेमका हाच आहे, असे म्हटले तर लोक मला वेड्यात काढतील. पण या विषयावरचे हाती लागेल ते वाचल्यावर माझे मत तेच झाले आहे.

'नॅनो' हा शब्द आपल्याकडे २००८ साली एका मोटारीने घरोघर पोचवला आणि पुढे जाहिरातवाल्यांनी तो इतका झिजवला, की अर्थच पुसला गेला. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. मी ज्या कणांविषयी लिहितो आहे ते साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचे; डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत पाचशेहून अधिक ओळीने बसतील. कण स्निग्ध पदार्थांचा, आणि त्याच्या पोटात आरएनएचा धागा. आरएनए उघडाच रक्तात सोडला तर तिथली विकरे बघता बघता त्याचे तुकडे करतात, आणि त्याच्यावर ऋण विद्युतभार असल्याने पेशीच्या दारातही त्याला कुणी उभे करीत नाही. म्हणून हे वेष्टन.

कृती ऐकायला सोपी आहे. चार स्निग्ध द्रव्ये (त्यांतले एक आपल्या नको तितक्या ओळखीचे कोलेस्टेरॉल) अल्कोहोलमध्ये विरघळवायची, आरएनए आम्लधर्मी पाण्यात ठेवायचा, आणि एक भाग अल्कोहोलला तीन भाग पाणी या प्रमाणात दोन्ही एकत्र आणायची. पाणी आले की स्निग्ध द्रव्यांना विरघळून राहणे जमत नाही. ती एकमेकांना आणि आरएनएला बिलगतात व कण तयार होतो. मिसळणे संथ झाले तर एक कण मोठा, एक लहान: गुठळ्याच त्या. काही सहस्रांश सेकंदांत झाले तर सगळे बारीक आणि एकसारखे. भांड्यात पळी फिरवून हा वेग साधत नाही.

म्हणून हाताच्या पंजात मावेल अशा चकतीत केसाच्या दोन-तीनपट रुंदीचे पाट कोरतात. पण इथे निसर्ग आडवा येतो. मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखवले होते, की वेग कमी असला तर धार सरळ रेघेसारखी जाते, वाढला की विस्कटते. इतक्या अरुंद पाटात पाणी खळाळतच नाही. दोन द्रव शेजारी शेजारी वाहतात, भाऊबंदकीत वेगळ्या झालेल्या दोन घरांसारखे. मिसळतात ते केवळ सीमेवरून झिरपून. आणि झिरपण्याचा हिशेब वर्गाचा असतो. अंतर निम्मे केले तर वेळ चौथाई लागतो. तेव्हा पदर पातळ करा.

तो उपाय २००२ साली हार्वर्डच्या अब्राहम स्ट्रूक, जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पाटाच्या तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा पाडायच्या. द्रव त्यांवरून जाताना स्वतःभोवती वळतो, दुमडतो, पुन्हा दुमडतो. घडीच्या पोळीला पदर सुटावेत तसे दोन्ही द्रवांचे पदर होत जातात. मला या युक्तीचे फार कौतुक वाटते. त्यात हलणारा एकही भाग नाही. कॅनडात व्हँकूवरच्या पीटर कुलिस यांच्या गटाने याच खाचांच्या पाटातून स्निग्ध कण काढले, ते २०१२ साली.

पण प्रयोगशाळेत चमचाभर काढणे वेगळे आणि कोट्यवधी मात्रा काढणे वेगळे. पाट रुंद करावा तर पदर जाड होतात, गुठळ्या परत. बँकेत नोकरी केलेल्याला उत्तर चटकन सुचेल: गर्दी वाढली म्हणून रोखपालाची खिडकी कुणी दहा फूट रुंद करीत नाही, खिडक्या वाढवतो. करोना लसीसाठी फायझरने कालामाझूच्या कारखान्यात तेच केले. तिथे कोरीव पाट नव्हते, नाण्याएवढ्या मिश्रकात दोन धारा जोराने एकमेकींवर आदळत होत्या. पण वाढ केली ती मिश्रकांच्या संख्येत. ती लस आपल्याकडे आलीच नाही. कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ज मागे घेतला. पुण्याच्या जेनोव्हाच्या आरएनए लसीला जून २०२२ मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली. तिला उणे सत्तरची थंडी लागत नाही, साधा शीतकपाट पुरतो.

किमतीचे मात्र अवघड आहे. अशा कणांतून दिले जाणारे पॅटिसिरॅन हे दुर्मीळ आनुवंशिक विकारावरचे औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले, तेव्हा वर्षाची छापील किंमत साडेचार लाख डॉलर होती. चकतीचा खर्च त्यात चिल्लर. चाचण्यांचा आणि संशोधनाचा बोजा मूठभर रुग्णांवर पडतो. तरीही थोडेसेच औषध नेमके बनवता येणे ही मला मोठी गोष्ट वाटते. फिलाडेल्फियात यकृताच्या जन्मजात दोषाने अमोनिया साठणाऱ्या एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्या एकट्यासाठी, जनुकदुरुस्तीचे औषध सहा महिन्यांत तयार झाले आणि स्निग्ध कणांतूनच यकृतात पोचवले गेले. पहिली मात्रा फेब्रुवारी २०२५ मध्ये दिली, मग आणखी दोन. जूनमध्ये ते बाळ घरी गेले.