फ्लाय रॉडची बांधणी

फ्लाय रॉड ही कृत्रिम माशीच्या साहाय्याने मासे धरण्याच्या पद्धतीत वापरली जाणारी लांब व लवचीक काठी होय. तयार काठी विकत न घेता तिचे सुटे भाग निवडून ती स्वतः किंवा कारागिराकडून बांधून घेण्याची प्रथा युरोप आणि उत्तर अमेरिकेत जुनी आहे. इंग्रजीत १४९६ साली छापल्या गेलेल्या मत्स्यवेधावरील प्रबंधातही काठी घरी कशी तयार करावी याची कृती दिलेली आढळते. आज लाकूड तासण्याचे काम बहुधा उरलेले नाही. कोरी काठी कारखान्यातून येते. मात्र तिच्यावर काय चढवावे आणि कोठे, हा निर्णय बांधणाराचाच असतो.

काठीचे कार्य

साध्या गळाच्या मासेमारीत गळाला बांधलेले वजन दूर फेकले जाते आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. येथे हा क्रम उलटा आहे. पिसे व धागा यांची बनवलेली माशी जवळजवळ वजनरहित असते. वजन असते ते दोरीला, आणि काठी वाकून सरळ होताना त्या दोरीलाच पुढे ढकलते. म्हणून काठी आणि दोरी यांची जोडी जमणे ही या बांधणीतील पहिली अट ठरते.

ही जोडी जमावी यासाठी अमेरिकेतील मासेमारी साहित्य उत्पादकांच्या संघटनेने दोऱ्यांना क्रमांक दिले. दोरीच्या पुढच्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजून हा क्रमांक ठरतो. ३ क्रमांकाची दोरी १०० ग्रेन, ५ क्रमांकाची १४० ग्रेन (सुमारे ९ ग्रॅम) आणि ८ क्रमांकाची २१० ग्रेन भरते. काठीवर लिहिलेला क्रमांक मात्र निर्मात्याच्या मताने लिहिलेला असतो. त्याला असे मोजमाप नाही. याच अडचणीतून विल्यम हॅनेमन यांनी नाण्यांची पद्धत सुचवली. काठी आडवी धरून तिच्या टोकाला लहान पिशवी टांगावयाची आणि टोक काठीच्या लांबीच्या एकतृतीयांश इतके खाली येईपर्यंत पिशवीत अमेरिकी सेंट टाकत राहावयाचे. १९८३ पासूनचा प्रत्येक सेंट २.५ ग्रॅमचा असल्याने काठीचे बळ आकड्यात सांगता येते. अर्थात नाण्यांच्या जागी माहीत असलेले कोणतेही वजन चालते.

पाणी, मासा आणि क्रमांक

निवडीचा आरंभ दुकानातील सूचीपासून न करता पाण्यापासून करणे योग्य ठरते. झाडीने वेढलेल्या अरुंद ओढ्यासाठी सात-साडेसात फुटांची ३ क्रमांकाची काठी सोयीची असते. काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशातील ट्राउटच्या नद्यांवर ९ फुटांची ५ क्रमांकाची काठी बहुतेक कामे निभावते. हिमालयाच्या पायथ्याशी वेगवान प्रवाहात महसीर धरावयाचा असल्यास ८ किंवा ९ क्रमांकापर्यंत जावे लागते.

येथे हौशी माणूस अनेकदा हलक्या काठीकडे झुकतो, कारण तिच्यावर मासा अधिक झुंजतो. ही निवड माशाच्या जिवावर बेतते. धरून परत सोडावयाचा मासा फार वेळ ओढला गेला, तर तो थकव्याने सोडल्यानंतरही मरतो. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्यामुळे हा धोका वाढतो. संकटग्रस्त महसीरसारख्या माशाच्या बाबतीत तर काठी किंचित जड असणेच इष्ट.

ब्लँक

कड्या, मूठ इत्यादी काहीही न बसवलेल्या कोऱ्या काठीला ब्लँक म्हणतात. सर्व भागांत महाग आणि नंतर बदलता न येणारा भाग हाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप यांनी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या. पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्ड यांच्या सहा पट्ट्यांच्या षट्कोनी काठ्यांना मोठी कीर्ती मिळाली. त्या काळी वापरला जाणारा बांबू भारतातून जाई व ‘कलकत्ता केन’ या नावाने विकला जाई. विसाव्या शतकात त्याची जागा ‘टोंकिन’ बांबूने घेतली. त्याच्या नावावरून व्हिएतनामचा भास होत असला, तरी तो चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या, तर १९७० च्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. कार्बन वजनाच्या मानाने अतिशय ताठ असतो, त्यामुळे काठी पातळ व हलकी होते. तो जितका ताठ तितका ठिसूळही. जड माशीचा एखादा आघात बसून पडलेली सूक्ष्म चीर त्या दिवशी दिसत नाही, आणि पुढे केव्हातरी काठी तेथेच तुटते. काचतंतू जड व मंद असला तरी मार सोसतो. नवशिक्याला आणि लहान ओढ्याला तो आजही उत्तम. बांबूची काठी जपणारा वर्ग वेगळाच, आणि तिची किंमतही वेगळीच. कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे गडगडाटात किंवा विजेच्या तारांखाली ही काठी उभी धरणे जीवघेणे ठरू शकते. हा इशारा ब्लँकवर बारीक अक्षरांत असतो आणि क्वचितच वाचला जातो.

काठी वरच्या तृतीयांशात वाकत असेल तर तिला ‘फास्ट’, मध्यापर्यंत वाकली तर ‘मीडियम’ आणि मुठीपर्यंत वाकली तर ‘स्लो’ म्हणतात. या संज्ञांना सर्वमान्य प्रमाण नसल्याने एका कंपनीची मीडियम दुसरीच्या फास्टशी जुळू शकते. म्हणून शक्य असल्यास त्याच ब्लँकवर बांधलेली काठी हातात घेऊन दोरी फेकून पाहावी.

मूठ आणि रिळाची बैठक

मूठ बहुधा बुचाची असते. बूच ओले झाले तरी हातातून सटकत नाही आणि थंडीत गार लागत नाही. बूच-ओकच्या झाडाची साल पोर्तुगालमध्ये दर नऊ वर्षांनी काढली जाते. तिच्या अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकमेकींना चिकटवून मूठ घडवतात. सात इंचांच्या मुठीला चौदा चकत्या लागतात. चकत्या घेताना खळगे पाहावेत. बुचाचा भुसा आणि डिंक भरून बुजवलेले खळगे वर्षभरात उघडे पडतात. हलक्या काठीला सिगारच्या आकाराची बारीक मूठ शोभते, तर जड काठीला अंगठा टेकण्यासाठी पुढे फुगीर असलेली ‘फुल वेल्स’ मूठ लागते.

रिळाच्या बैठकीत लाकडी अस्तर सुंदर दिसते. खाऱ्या पाण्यात मात्र ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियमच घ्यावे. ८ क्रमांकापासून पुढे बैठकीखाली पोटाला टेकवण्यासाठी एक लहान बुंधा जोडतात.

कड्या

दोरी ज्यांतून धावते त्या कड्यांची संख्या ठरवण्याचा रूढ नियम सोपा आहे: काठीची लांबी जितके फूट तितक्या, किंवा आणखी एक, टोकाची कडी वेगळी. मुठीजवळची पहिली कडी मोठी, १० किंवा १२ मिलिमीटरची, आत सिरॅमिक वलय असलेली घेतात. पुढच्या कड्या तारेच्या व नागमोडी असतात. एकाच पायाच्या कड्यांना धागा व लेप निम्मा लागतो. टोकाकडे वाढलेला एक-एक ग्रॅम काठी मंद करतो, त्यामुळे ही बचत दिसते तेवढी क्षुल्लक नाही.

छापील अंतरतक्ता हा केवळ आरंभ समजावा. कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावून, दोरी ओवून काठी वाकवावी. दोरी काठीच्या वळणाला धरून गेली पाहिजे. जेथे ती काठीला घासते किंवा दोन कड्यांमध्ये सरळ ताणली जाते, तेथे कडी सरकवावी.

धागा आणि लेप

हलक्या काठीसाठी ‘ए’ जाडीचा नायलॉन धागा पुरेसा होतो. रेशीम लेपाखाली जवळजवळ पारदर्शक होते, आणि जुन्या बांबूच्या काठ्यांचा दिमाख बराचसा त्यातच आहे. रंग टिकवावयाचा असल्यास लेपापूर्वी रंगरक्षक द्रव लावावा लागतो. इपॉक्सीचे दोन भाग अगदी समप्रमाणात मिसळावेत. मिश्रण चुकल्यास ते कायम चिकट राहते. लेप ओघळू नये म्हणून काठी लहान मोटरवर काही तास संथपणे फिरवत ठेवतात. टोकाची कडी मात्र इपॉक्सीने न बसवता उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाने बसवतात. सर्वांत आधी झिजते ती हीच कडी, आणि किंचित ऊब देताच ती निघून येते.