गळतीच्या मागावर: मुलुंड ते बोरिवली

सकाळी ६.१५, मुलुंड पूर्व

मे महिन्यात गच्ची तपासायची ती ऊन पडायच्या आत. काल संध्याकाळी पर्जन्यनळांची तोंडं बंद करून गच्चीत चार बोटं पाणी उभं केलं होतं आणि कठड्यावर पेन्सिलीने रेघ मारली होती. बाजूला पाण्याने भरलेली बादली ठेवली होती, तिच्याही आत रेघ. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढं हवेत उडालं. गच्चीतलं त्याहून जास्त उतरलं असेल, तर तो फरक स्लॅबमध्ये मुरला. या परीक्षेला बादलीशिवाय काही लागत नाही, तरी ती न करताच लाखांची कामं दिली जातात.

इथे फरक स्पष्ट दिसतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा अजून धड आहे. वरचा चायना मोझॅक एकदोन ठिकाणीच सुटलाय. दोष कठड्याच्या पायाशी आहे. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे गवंडी सिमेंटची गोलसर उतरण काढतो, तिला वाटा म्हणतात. उन्हाने स्लॅब रोज थोडा फुगतो, रात्री आकसतो, आणि ती हालचाल पहिल्यांदा वाट्यात तडकते. दुसरा दोष माणसांनी केलेला आहे: कुणीतरी ताडपत्री बांधायला गच्चीत खिळे ठोकलेत.

सेक्रेटरी विचारतात, "मॅडम, सगळा कोबा काढून नवीन घालू या का?"

या आठवड्यात नाही. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात, पण २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच येऊन थडकला आणि उघड्या गच्च्या तशाच राहिल्या. आत्ता वाट्यातली भेग इंग्रजी व्हीच्या आकारात खोदायची, ब्रशने साफ करायची, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची, खिळे काढून भोकं बुजवायची, नळांच्या तोंडाशी जाळ्या बसवायच्या. कोब्याचं काम दिवाळीनंतर.

सकाळी ८.००, घरी, फोन

बहुतेकांचा पहिला प्रश्न वॉटरप्रूफिंगच्या दराचा असतो. मी उलट विचारते: पाणी कधी गळतं?

दिवसरात्र, न थांबता गळत असेल तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या पाइपावर. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येत असलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातल्या पाइपात दाब कायम असतो, त्यामुळे ही गळती झोपत नाही. वरच्यांच्या आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याची वाट, नहाणी किंवा लाद्यांचे सांधे. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकी किंवा गच्ची. या एका उत्तराने निम्मं काम होतं. म्हणून सांगते, रंगाऱ्याला बोलावण्याआधी आठवडाभर वेळा लिहून ठेवा. ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, तारीख टाका, फोटो काढा. डाग रेघेबाहेर कधी गेला यावरून कारण सापडतं.

सकाळी ९.३०, घाटकोपर, नाका

मिस्त्री भेटतात. आज त्यांना एक बिगारी हवा आहे. उपनगरांतल्या अशा नाक्यांवर मराठवाड्यातून आलेली कितीतरी माणसं रोज सकाळी घमेलं-फावडं घेऊन उभी असतात. मजुरी आधी ठरवायची, आणि फोडायचं काम असेल तर चष्मा आणि हातमोजे आपण द्यायचे. लाद्यांची कपची डोळ्यात गेली तर त्या माणसाची रोजीच जाते.

सकाळी १०.३०, घाटकोपर पश्चिम

सोसायटीत तोडफोडीला साडेदहाच्या आत परवानगी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी वाटच पाहत असतात. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला लोणा फुटलाय, पोपडे लोंबताहेत.

"दोनदा रंग लावून झाला, पोरी. महिनाभर बरं दिसतं, मग परत तेच. आता जावई म्हणतात पीओपीचं छत लावून टाका."

"ते मात्र करू नका, आजी. आत काय चाललंय ते दिसणारच नाही."

रंगाने किंवा खोट्या छताने पाणी थांबत नाही. ते काँक्रीटमध्येच राहतं, सळईला गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून दाब देऊन गिलावा पाडतं. ओल आहे तोवर ती डोळ्यांसमोर असलेली बरी.

वर तिसऱ्या मजल्यावर वहिनी दारातच सांगतात, "आमच्याकडे एक थेंब नाही हो. मागच्याच वर्षी नव्या लाद्या बसवल्यात."

त्या खोटं बोलत नाहीत. उपनगरांतल्या जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो, त्याला संकन म्हणतात. तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरतात, त्यातून पाइप नेतात आणि वर लादी बसवतात. लादीखाली पाणी साचत राहतं आणि वरच्यांचे पाय कोरडेच. मी त्यांना हेच समजावते आणि सोबत आणलेला चाचणीचा कागद दाखवते. शेजाऱ्यावर दोष ठेवायला नव्हे, वाट शोधायला आलोय, हे कळल्यावर दार उघडतं. माझ्या कामात हे दार उघडणं सिमेंटपेक्षा महत्त्वाचं आहे. दोन मजल्यांची बोलाचाल बंद असेल तर कुठलंही रसायन उपयोगाचं नाही.

चाचणीचा क्रम महत्त्वाचा आहे. परवा रात्री वहिनींनी घरात येणाऱ्या पाण्याची चावी बंद ठेवली होती. खालची गळती तशीच राहिली, म्हणून दाबाच्या पाइपावरचा संशय मागे पडला. काल नहाणीत फक्त हिरवं पाणी ओतलं. रंग खाण्याचा. आज सकाळी आजींच्या छतावर नहाणीच्या बरोबर खाली हिरवट कडा उमटली होती. लादीवर पाणी उभं करून बघायची पाळीच आली नाही.

मग सबंध न्हाणीघर कशाला उखडायचं? मिस्त्री नहाणीभोवतीच्या चार लाद्या काढतात. ट्रॅप आणि पाइप यांच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट आहे. लाद्या नव्या बसवल्या, पण सांधा इमारतीच्या जन्मापासूनचा तसाच ठेवला होता. नवीन ट्रॅप, भोवती न आकसणारं ग्राउट, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्यावर आडवा. मग लादी, आणि सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी. पांढरं सिमेंट साबणाने आणि अ‍ॅसिडने झिजतं. न्हाणीघर धुवायला अ‍ॅसिड वापरणं आज बंद करा, असं मी प्रत्येक घरात सांगते. शेवटी नहाणीला बोळा लावून ४८ तास पाणी उभं करायचं.

"म्हणजे परवापासून थांबेल?" आजी.

लगेच नाही. संकनच्या भरावात जे साचलंय ते काही दिवस उतरत राहील. काम फसलं असं समजून भांडू नका. डाग रेघेच्या आत आकसतोय का, एवढं पाहा. छत पुरतं वाळलं की सैल गिलावा ठोकून काढायचा, सळई तारेच्या ब्रशने लख्ख घासायची, गंजरोधक लावायचा आणि पॉलिमरच्या मसाल्याने भरायचं.

खर्च कुणाचा, हा प्रश्न निघतोच. गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी त्याबाबत स्पष्ट आहेत: शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी घरातली गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची, तर गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाचं पाणी ही सोसायटीची जबाबदारी. वहिनी म्हणतात, "आमचंच आहे तर आम्हीच करू."

दुपारी १.००, त्याच इमारतीत

पहिल्या मजल्यावरच्या एका तरुण जोडप्याला स्वयंपाकघर मोठं करायचंय. "ही अर्धी भिंत आणि हा कोपरा थोडा छाटला की झालं."

तो कोपरा म्हणजे खांब आहे. याच घाटकोपरात, दामोदर पार्क भागात, २५ जुलै २०१७ रोजी सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, आणि खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. मी हे सांगते तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही. खांब, तुळई आणि स्लॅब यांना छिन्नी लागता कामा नये, पाइपासाठी चर पाडायलाही नाही. भिंत काढायची तरी आधी इंजिनिअरचा कागद, सोसायटीची आणि लागेल ती महापालिकेची परवानगी. तोवर आहे त्याच ओट्यावर काम चालवा. राडारोडाही जिन्यात किंवा गच्चीत साठवायचा नाही, त्याचं ओझं स्लॅबवर येतं.

दुपारी २.३०, मेट्रोने अंधेरी पूर्व

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो सुरू झाली २०१४ मध्ये. त्याआधी हेच अंतर बसने कापण्यात माझी दुपार जायची.

इथल्या घरात पावसाळ्यात मेन स्विच सारखा पडतो, म्हणून वायरमनने आरसीसीबी काढून थेट जोडणी करून दिली होती. हे मला सगळ्यांत जास्त भीतीदायक वाटतं. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो पडतो म्हणजे कुठेतरी वीज ओलीतून वाट काढतेय, आणि ते तो सांगतोय. म्हणून परवानाधारक वायरमनकडून आधी तो परत बसवून घेतला. मग सगळे एमसीबी बंद करायचे, एकेक चालू करायचा. जो चालू करताच आरसीसीबी पडेल, त्याच्या रांगेत ओल शोधायची. इथे ती गीझरच्या रांगेत निघाली: बाहेरच्या भिंतीवरच्या बोर्डामागे पाणी उतरत होतं. बोर्ड आतल्या भिंतीवर घेतला. आरसीसीबीचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. छताच्या दिव्यातून पाणी टपकलं तर आधी मेन बंद, मग बादली.

संध्याकाळी ४.४५, बोरिवली पश्चिम

नैऋत्येकडची भिंत. पावसाचा मारा याच बाजूने येतो, म्हणून सोसायटीकडे पैसे कमी असतील तर आधी ही बाजू करावी, चारही बाजूंना पातळ रंग फासू नये. परांची बांधून झालीय. हातोडीने टकटक करत जायचं, आणि पोकळ आवाज आला की खडूने खूण. तुळई आणि विटांची भिंत मिळते तिथे आडवी भेग सगळीकडे सापडते. दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या फुगतात. तिथला गिलावा काढून कोंबडी-जाळी मारून पुन्हा करायचा.

छज्ज्याच्या खोबणीत पिंपळ उगवलाय. वरून कापला तर तो दुप्पट जोमाने येतो. मुळापर्यंत खोदून, मूळ मारून, मगच भेग भरायची. एसीच्या पाइपांची भोकं बाहेरच्या बाजूला उतरती हवीत. सरकत्या खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची छिद्रं टाचणीने मोकळी करा. याला पैसे लागत नाहीत, आणि खिडकीखालची अर्धी ओल त्यातूनच येते.

रात्री ८.३०, बोरिवली, सोसायटीची सभा

जुन्या मुंबई शहरात उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. उपनगरांतल्या सोसायट्यांना तसं कुणी नाही, आपलं घर आपणच राखायचं. म्हणून मी निधीबद्दल बोलते. उपविधींत दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के सांगितलाय. पण १९८० च्या दशकातल्या इमारतीचा बांधकाम खर्चच आजच्या मानाने इतका थोडा की किमान दराने जमलेल्या पैशांत परांचीसुद्धा उभी राहत नाही. दर वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, तो वापरा. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची आहे. ती टाळून रंगावर खर्च करू नका.

मागच्या रांगेतले एक काका विचारतात, "ठेकेदार दहा वर्षांची गॅरंटी देतोय, मग काळजी कशाला?"

गॅरंटीच्या कागदाने छत कोरडं राहत नाही. बिलाचा शेवटचा हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा आणि तसं करारात आधीच लिहा. काकाच तो ठराव मांडतात. सेक्रेटरी वहीत उतरवून घेतात: नैऋत्य भिंत आधी, अंतिम रक्कम ऑक्टोबरनंतर, एक पावसाळा उलटल्यावर.

मी घरी पोचून दिवसाचे अहवाल लिहायला घेते. आजींच्या अहवालात पहिली ओळ: छताला हात लावू नये, वाळू द्यावं.