बोटांत पकड नसेल तरी स्वतःच्या हाताने जेवता येते? समजून घ्या ‘युनिव्हर्सल कफ’

चमच्याने खाताना हात दोन कामे करतो. चमचा धरून ठेवण्याचे काम बोटांचे आणि तो तोंडापर्यंत नेण्याचे काम खांदा-कोपराचे. मानेच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली की अनेकदा पहिले काम थांबते, दुसरे मात्र काही प्रमाणात शिल्लक राहते. या उरलेल्या ताकदीचा उपयोग करून घेणारे साधन म्हणजे ‘युनिव्हर्सल कफ’.

ते चालते कसे?

तळहाताभोवती बसणारा पट्टा आणि आतल्या बाजूला शिवलेला छोटा खिसा, एवढीच त्याची रचना. खिशात चमचा, टूथब्रश, पेन किंवा मोबाइलसाठी स्टायलस खोचायचा. पकड पट्टा देतो, हालचाल हात करतो. बॅटरी नाही, मोटर नाही. मनगटही कमजोर असेल, तर त्याला आधार देणारा स्प्लिंट सोबत लागतो.

बनवताना काय पाहावे लागते?

पट्टा सैल राहिला तर चमचा फिरतो आणि वरण अंगावर सांडते. फार घट्ट झाला तर त्वचेवर दाब येतो. अशा हाताला स्पर्श आणि वेदना कमी जाणवू शकतात. त्यामुळे पट्टा काढल्यावर त्वचा लाल झाली आहे का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

खिशाची दिशाही महत्त्वाची. सरळ दांड्याचा चमचा तोंडाकडे वळत नसेल, तर वाकवलेला चमचा वापरतात. पोहे, उपमा, वरण-भात यांना हे पुरते. भाकरी मोडायला मात्र बोटेच लागतात. तिथे आधीच तुकडे करून ठेवणे सोपे पडते.

खरी परीक्षा

पट्टा बांधायला दुसरे कोणी लागत असेल, तर अवलंबित्व पूर्ण संपत नाही. इथे वेल्क्रो उपयोगी पडतो. १९४१ मध्ये कपड्यांना चिकटलेली काटेरी बोंडे पाहून स्विस अभियंता जॉर्ज द मेस्ट्रल यांना त्याची कल्पना सुचली. पट्ट्याच्या टोकाला कडी शिवली, की त्यात अंगठा अडकवून किंवा दातांनी तो ओढता येतो.

रुंद इलॅस्टिकपासून असा कफ घरीही शिवता येतो. फक्त माप आणि बसवण्याची पद्धत ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासून घ्यावी. कारण पुढचा घास कधी घ्यायचा, हे जेवणाऱ्यालाच ठरवता यावे, यासाठीच तर हा पट्टा आहे.