बी.एस्सी. झाल्यावर दवाखान्याकडे

किमान दोन वर्षं आणि दोन हजार तास. यापेक्षा तोकडी पदविका असेल, तर तिच्या जोरावर कुणाला संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेता येणार नाही, असं २०२१ चा केंद्रीय कायदा सांगतो. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचं असेल, तर किमान ३,६०० तासांची पदवी. हा कायदा झाला तेव्हा आम्हा विज्ञान महाविद्यालयांच्या प्राध्यापकांत त्यावर अवाक्षरही निघालं नाही. त्याची झळ २०२५ मध्ये लागली. या कायद्याखालच्या आयोगाने दहा व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले. पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, पोषणशास्त्र, मानसशास्त्र यांचं दूरस्थ शिक्षण थांबवलं. तेव्हा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., वर एक वर्षाचं डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, आणि तेव्हापासून तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. "सर, नवीन मुलांनी आता माझ्या वाटेने यायचं की नाही?" तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हा मागोवा.

जुना काळ लवकर आटोपतो. इंटर सायन्सला गुण कमी पडले की मेडिकल हुकायचं आणि मुलगा बी.एस्सी.ला बसायचा. दहावी-बारावीचा आकृतिबंध आल्यावर इंटरची जागा बारावीने घेतली, पुढे सीईटीने, मग नीटने. बी.एस्सी. जीवशास्त्र म्हणजे हुकलेल्यांचा वर्ग, ही समजूत मात्र तशीच राहिली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत यातले कितीतरी जण औषध कंपन्यांचे प्रतिनिधी (एमआर) झाले, काही शिक्षक झाले, काही डीएमएलटी करून प्रयोगशाळेत गेले.

या शेवटच्यांबद्दल मला सांगायचं आहे, कारण त्यांना आम्ही घडवलं होतं. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुलं स्वतःच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायची, काचेवर पातळ पसरायची, लीशमनचा रंग द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी प्रकारांनुसार मोजायची. साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन बघायची. न्यूबॉअर चेंबरच्या चौकोनांत तांबड्या पेशी मोजताना डोळे दुखून यायचे. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या रक्तपट्ट्या तपासताना हाच सराव कामाला यायचा. काच कशी धरायची हे त्या मुलांना डीएमएलटीच्या आधीच ठाऊक असायचं. आज दोन-दोन तास सलग काचेवर बसणारा विद्यार्थी विरळा झाला आहे आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

घसरण सुरू झाली ती २००० नंतर. त्या वर्षीच्या जूनमध्ये मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा जाहीर झाला, २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याची घोषणा झाली, आणि गावोगावच्या संस्थाचालकांना बायोटेक हा शब्द सापडला. बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचे विनाअनुदानित वर्ग निघाले. शुल्क अनुदानित वर्गाच्या कितीतरी पट, शिकवणारे तासिका तत्त्वावर. विद्यापीठाच्या समित्या यायच्या, यंत्रांची यादी तपासायच्या, चहा घेऊन जायच्या. या पदवीधराला रुग्णालयात कोणती जागा मिळेल, हा प्रश्न एकाही समितीने माझ्यासमोर विचारला नाही. पीसीआरचे टप्पे मुलांना तापमानासकट पाठ होते. पण मायक्रोपिपेट हातात न धरता पदवी घेतलेली मुलं मी पाहिली आहेत.

त्यातच जानेवारी २००५ मध्ये औषधचाचण्यांचे नियम, म्हणजे अनुसूची वाय, बदलले. परदेशात चाचणीचा दुसरा किंवा तिसरा टप्पा चालू असेल, तर तोच त्याच वेळी भारतातही चालवायची मोकळीक मिळाली. क्लिनिकल रिसर्चची लाट आली. पुण्या-मुंबईत त्याच्या पदविका विकणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. हॉटेलांत चर्चासत्रं, वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती, शंभर टक्के नोकरीची हमी. आमच्या एका हुशार विद्यार्थ्याच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून लाखाच्या वर शुल्क भरलं. पोराला मिळालं ते माहिती भरण्याचं कंत्राटी काम, तेही थोडे महिने. त्या संस्थेचा फलक पुढे उतरला, कर्ज राहिलं. २०१३ मध्ये चाचण्यांत दगावलेल्यांच्या भरपाईचे नियम कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. माणसांच्या जिवाशी खेळ चालला होता. त्यानंतर चाचण्यांचा ओघ आटला आणि या पदविकांची किंमत उघड झाली.

या काळाची खरी जखम मात्र वेगळी आणि थोडी आधीची आहे. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या हे सारं शिक्षण तिकडे एकत्र आलं. निर्णय योग्यच होता. पण पारंपरिक विद्यापीठांतलं जीवशास्त्र अलीकडे राहिलं आणि आरोग्यशिक्षण पलीकडे गेलं. शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय दोन्हीकडे शिकवले जात होते, तरी इकडच्या अभ्यासाची तिकडे मोजदाद होण्याची सर्वसाधारण सोय कुणी केली नाही. ती केली असती तर खासगी पदविकांचा बाजार एवढा फोफावलाच नसता.

पुढची वर्षं भराभर गेली. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. रुग्णाच्या बाजूने पाहता हे बरोबर आहे. पण ज्या तालुक्यात पॅथॉलॉजिस्ट फिरकत नव्हता, तिथे लॅब चालवणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मग कोरोना आला. ३० जानेवारी २०२० ला देशातल्या पहिल्या रुग्णाचं निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झालं आणि थोड्याच दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांत आरटीपीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या कराव्या लागल्या. तिथे पीपीई घालून रात्रपाळ्या केल्या त्या एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, बी.एस्सी. बायोटेकच्या मुलामुलींनीही. बहुतेक कंत्राटी. साथ ओसरली तशी कंत्राटं संपली. कौतुकाची प्रमाणपत्रं घेऊन ती घरी आली.

आता पुन्हा २०२१ च्या कायद्याकडे. त्यातली दोन हजार तासांची अट मला मान्य आहे. रक्ततपासणी चुकली तर उपचार चुकतात. तिथे अर्धवट शिक्षण नको. परंतु तीन वर्षं पेशी, रक्त, जंतू शिकलेल्या मुलीला पुन्हा बारावी झालेल्या मुलांबरोबर पहिल्या वर्षात बसवणं हा अन्याय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठवण्याची पेढी काढली, ती अशाच वेळी वापरायची नाही तर कधी? या कायद्याखालच्या आयोगाने आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मिळून बी.एस्सी. जीवशास्त्राचे श्रेयांक धरावेत, उरलेले तास रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पूर्ण करून घ्यावेत आणि अशा पदवीधरांना वरच्या वर्षात थेट प्रवेश द्यावा.

आणि बी.एस्सी.ला नाव घालायला निघालेल्या मुलांनो, पालकांनो: कोणत्याही पदविकेचे पैसे भरण्याआधी ती किती तासांची आहे, प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात मिळेल आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राज्य परिषदेत नोंदणी होईल का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. लेखी उत्तर आलं नाही, तर तिथे प्रवेश घेऊ नका.