निवृत्ती कशाची?

मराठीत या अवस्थेला 'रजोनिवृत्ती' असा भारदस्त शब्द आहे. पण घरोघरी तो कोणी उच्चारत नाही. 'वय झालं, चालायचंच' एवढ्यावर विषय मिटतो. माझ्याही बाबतीत मिटला असता. परंतु ४८व्या वर्षी, पाळी जाऊन वर्ष होते न होते तोच, भर डिसेंबरात अंगाला घामाच्या धारा लागू लागल्या, झोप उडाली आणि वर्गात नेमका शब्द सापडेना. मराठीच्या प्राध्यापिकेला याहून मोठे दुखणे कोणते? मी सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले.

हॉर्मोन म्हटले की कॅन्सर, ही धास्ती होतीच. बाई म्हणाल्या, ''२००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीने ती पसरली. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३!'' साठीच्या आत, पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर त्रास होणाऱ्या निरोगी स्त्रीला बहुधा धोक्याहून लाभ अधिक, असे आता मानतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवेच. स्तनांचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेल्यांना सहसा हे औषध देत नाहीत. थोडा धोका उरतो, तोही बाईंनी लपवला नाही. रक्तदाब, मॅमोग्राफी, सारे पाहूनच त्यांनी चिठ्ठी लिहिली.

दोनेक महिन्यांत झोप परतली, आणि तिच्या मागोमाग शब्दही. भगिनींनो, औषध घ्याच असे मी म्हणत नाही. पण निमूट सोसण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा तरी!