शिळेची तबकडी

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातून दक्षिणेची वाट धरली, की सातपुडा उतरून जळगाव जामोद लागतं, पुढे खामगाव, आणि आणखी खाली मेहकर. मराठी भावगीताला पहिलं घवघवीत यश मिळवून दिलं ते याच बुलढाणा जिल्ह्यातल्या दोन माणसांनी. पुण्या-मुंबईच्या संगीताच्या गोष्टी आपण भरभरून सांगतो. आपल्या शेजारची ही गोष्ट मात्र आपल्याच मुलांना ठाऊक नसते.

कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे वकील. गायक गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, जन्माने खामगावचे. तेही कायद्याचे पदवीधर. दोघांचंही जन्मसाल 1909. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी स्वतः चाल लावून गायली आणि 1930च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्ही या ध्वनिमुद्रण कंपनीने तिची तबकडी काढली.

त्या वेळी मराठी तबकडी म्हणजे मुख्यतः नाट्यसंगीत. तानांची आतषबाजी, गाजलेल्या नटांचे आवाज. कविता लोकांपर्यंत जात होती, पण ती सभेतून; रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची गोडी लावली होती. ‘शीळ’मध्ये या दोन वाटा एकत्र आल्या. रानातून येणाऱ्या शिळेने कासावीस झालेल्या बाईचं ते मनोगत, तेही गावाकडच्या बोलीत. जोशींनी ते पुरुषाच्या आवाजात, शब्द न चिरडता, गाण्याची ऐट न मिरवता म्हटलं. माझ्या मते तबकडीच्या यशाचं मर्म इथेच आहे. ज्याला रागाचं नाव सांगता येत नव्हतं, त्यालाही ती बाई कळली.

माध्यमही साथीला होतं. लाखेची दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं वाजे. ख्यालाला ही मुदत म्हणजे कोंडवाडाच. गवयांना आलाप आखडता घ्यावा लागे. चार-पाच कडव्यांच्या कवितेला मात्र ती नेमकी पुरे. पुढे गजानन वाटव्यांसारख्या गायकांनी ज्या भावगीताला घरोघर नेलं, त्याचा साचा या सव्वातीन मिनिटांत घडला.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचा उदय आठवला, तर साम्य जाणवतं. रे चार्ल्सने 1954 साली चर्चमधल्या भजनाच्या वळणावर ऐहिक प्रेमाचे शब्द बसवले. त्या गाण्याची तबकडी पुढच्याच वर्षी तिथल्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली आली. 1967 साली अरीथा फ्रँकलिनच्या ‘रिस्पेक्ट’ने बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला आणि दोन ग्रॅमी पुरस्कारही. तिथेही छोट्या तबकडीवरच्या एका गाण्याने आख्ख्या प्रकाराची ओळख पक्की केली.

‘शीळ’ला ग्रॅमी नव्हतं. पण तिचा व्यापारी परिणाम जोशींच्या आयुष्यातच दिसतो. वकिली मागे पडली, एचएमव्हीने त्यांना नोकरीत घेतलं आणि पुढची तीन दशकं त्यांनी हिंदुस्थानी संगीतातले कितीतरी थोर आवाज ध्वनिमुद्रित केले. गंगूबाई हनगल यांच्याबरोबर त्यांनी मराठी युगुलगीतंही गायली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर खपलेली ध्वनिमुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. खामगावच्या मुलाचा हा पल्ला आहे, आणि तो एका कवितेपासून सुरू झाला.

जाणकारांची दाद कवीला सावकाश मिळाली. तबकडी गाजून वीसेक वर्षं लोटल्यावर, 1954 साली, देशपांड्यांचा पहिला संग्रह निघाला. नाव अर्थातच ‘शीळ’. त्यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला 1986 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढं होऊनही कवी मेहकर सोडून मोठ्या शहरात गेला नाही. मला या माणसाबद्दल वाटणाऱ्या आदरात याचाही वाटा आहे.

जोशींनी आपल्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. मिळाल्यास जरूर वाचा. आणि बुऱ्हाणपूर, खामगाव, मेहकरकडच्या कुणाच्या माळ्यावर जुन्या लाखेच्या तबकड्या असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात घालू नका. उभ्या ठेवा, उन्हापासून जपा, आणि जाणत्याकडून त्यांचा आवाज उतरवून घ्या.