समीकरण लिहायचे एकदाच

१९५२ साली ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी म्हाकुळाच्या जाड चेतातंतूतून विजेचा स्पंद कसा धावतो याची समीकरणे मांडली. आकडेमोडीच्या वेळी केंब्रिजचा संगणक बंद होता. म्हणून हक्सलींनी ती हाताने फिरवायच्या ब्रन्सव्हिगा यंत्रावर सोडवली. आज ‘न्यूरॉन’ या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये तीच समीकरणे एका छोट्या मजकूर-फाइलीत मावतात.

या फाइलीला ‘मॉड फाइल’ म्हणतात. तिच्यात अभ्यासक फक्त विज्ञान सांगतो: सोडियम-पोटॅशियमचे प्रवाह, त्यांची कमाल वाहकता आणि आयनमार्गांची दारे किती उघडी आहेत हे सांगणाऱ्या एम, एच, एन या तीन राशी. तिघींचे समीकरण एकाच घडणीचे असते. अंतिम मूल्यातून आताचे मूल्य वजा करायचे आणि कालस्थिरांकाने भागायचे, की बदलाचा वेग मिळतो.

फाइल तयार झाली की एक आज्ञा द्यायची. मग अनुवादक प्रोग्राम फाइल वाचून तिचे सी भाषेतले (नव्या आवृत्तीत सी प्लस प्लसमधले) रूप बनवतो. खरी करामत इथे आहे. संगणकाला नुसता ‘बदलाचा वेग’ सांगून भागत नाही. आताच्या आकड्यावरून पुढच्या क्षणाचा आकडा काढायची कृती त्याला हवी असते. वेगाला काळाच्या पावलाने गुणून मिळवत जाणे ही सर्वांत सोपी कृती. पण पाऊल कालस्थिरांकाच्या दुपटीहून मोठे झाले, की उत्तर अंतिम मूल्याच्या दोन्ही बाजूंना वाढत्या झोक्यांनी भरकटते. म्हणून फाइलीत बहुधा ‘सीएनएक्स्प’ ही पद्धत मागितलेली असते. एका पावलापुरता विद्युतदाब स्थिर धरला, तर समीकरण रेषीय होते आणि त्याचे नेमके उत्तर लिहिता येते: अंतिम मूल्यापासूनचे अंतर दर पावलाला घातांकी प्रमाणात घटते. हे बीजगणित अनुवादक स्वतः करतो आणि आयते सूत्र कोडमध्ये उतरवतो. पाऊल मोठे असले तरी उत्तर भरकटत नाही.

प्रवाहाचेही असेच. दाब किंचित बदलला तर प्रवाह किती बदलेल, हे मुख्य प्रोग्रामला लागते. त्यासाठी तयार झालेले कोड प्रवाह दोनदा मोजते, एकदा आताच्या दाबाला आणि एकदा ०.००१ मिलिव्होल्ट जास्त धरून, आणि फरकाला त्या वाढीने भागते.

मात्र उणे ४० मिलिव्होल्टला एम राशीच्या सूत्रात शून्य भागिले शून्य येते. अनुवादक ते ओळखत नाही. तिथे सीमामूल्य देणारे छोटे फलन माणसानेच लिहावे लागते, आणि न्यूरॉनच्या मूळ फाइलीत ते लिहिलेले आहे. समीकरणाची जाण मॉडेल लिहिणाऱ्याकडेच हवी, असे मला यामुळेच वाटते.

पुढचा टप्पा नेहमीचाच. कंपायलर त्या कोडपासून शेअर्ड लायब्ररी बनवतो. ती चालू फोल्डरमध्ये सापडली, की न्यूरॉन सुरू होताना तिला स्मृतीत घेतो आणि तिच्यातले नोंदणीचे फलन हाक मारून चालवतो. हे फलन आयनमार्गाचे नाव, त्याच्या राशी आणि प्रारंभ, प्रवाह व पुढचे पाऊल काढणाऱ्या फलनांचे पत्ते कळवते. त्यानंतर तुमचा आयनमार्ग अंगभूत असल्यासारखाच वापरता येतो. मुख्य प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नाही.

मॉड फाइलीत अक्षर जरी बदलले, तरी आज्ञा पुन्हा द्या आणि न्यूरॉन बंद करून नव्याने सुरू करा. नाहीतर जुनीच लायब्ररी तक्रार न करता जुने आकडे देत राहील.